चिठ्ठी घरी गेली, पुढे काय? सत्तरीतील एका प्राथमिक शाळेतले दातांचे प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, सरकारी, मराठी माध्यमाची. पहिली ते चौथी, पट तिसाच्या आतबाहेर, शिक्षिका दोन. त्यांतल्याच एक मुख्याध्यापिका. एका खोलीत पहिली-दुसरी बसते, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. आवारातच अंगणवाडी. गावाचे नाव इथे देत नाही आणि माणसे ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. मी शेजारच्या गावातल्या शाळेत शिकवतो. या शाळेच्या पालकसभांना आणि पुढच्या धावपळीला मी अधूनमधून हजर होतो. बाकीचे मुख्याध्यापिकेच्या वहीतून आणि त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून घेतले आहे.

मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात. वडील कोणी ट्रकवर, कोणी होंडा-पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. आया काजूच्या हंगामात बागायतीत, एरवी मिळेल त्या रोजावर. शाळा सकाळी आठला भरते, त्यामुळे बहुतेक मुले चहात बुडवलेली बिस्किटे किंवा पाव खाऊन येतात. साडेदहाच्या सुमारास बचत गटाच्या बायका माध्यान्ह आहार आणतात. कधी पाव-भाजी, कधी पुलाव.

दातांची तपासणी या शाळेला नवी नव्हती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि मुलांच्या ज्या आजारांवर त्यात नजर ठेवायची, त्यांत किडलेले दातही येतात. पथक येई, मुले रांगेत तोंड उघडत आणि ज्यांचे दात किडलेले दिसत त्यांच्या हातात घरी द्यायला चिठ्ठी पडे. त्या वर्षी अर्ध्याहून जास्त मुलांना ती मिळाली.

अडचण कशी लक्षात आली

लक्षात आली ती पावाच्या कडांमुळे. तिसरीतली एक मुलगी भाजीत पाव भिजवून मधला मऊ भाग गिळायची आणि कडा ताटात तशाच ठेवायची. बचत गटाची बाई वैतागून म्हणाली, ‘‘बाई, हिला सांगा, अन्न टाकू नये.’’ मुख्याध्यापिकेने सांगण्याआधी दोन दिवस नुसते पाहिले. मुलगी फक्त डाव्या बाजूने चावत होती. वर्गात ती मागे पडली होती, आणि ‘लक्ष नाही’ असा शेरा तिच्या प्रगतिपत्रकावर आदल्या वर्षीपासून होता. चिठ्ठी तिलाही मिळाली होती. दप्तरात, चित्रकलेच्या वहीत, घडी न मोडता पडलेली.

मग मुख्याध्यापिकेने बाकीच्या चिठ्ठ्यांची चौकशी केली. दवाखान्यात गेली होती फक्त दोन मुले, तीही वाळपईला दुसऱ्या कामासाठी जायचे होते म्हणून. बाकी घरांतून आलेली उत्तरे साधारण अशी. एका आजीने सरळ सांगितले, ‘‘दुदाचे दांत ते, पडटलेच.’’ कुणी म्हणाले, दुखत होते पण आता थांबले. कुणाला आरोग्य केंद्रातल्या दंतविभागाची वेळ माहीत नव्हती. माहीत होती त्यांच्यासाठी ती सकाळची, म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडणार. एका घरी दाढ दुखली की मुलाच्या दाढेवर मशेरी दाबत. १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने बंदी केली, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते. तिथे कायदा पोचत नाही.

या उत्तरांत निष्काळजीपणा कमी आणि अर्धी माहिती जास्त आहे, असे माझे मत झाले. दुधाचे दात पडतात हे खरेच. पण पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडत असले तरी दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, म्हणजे अख्खी प्राथमिक शाळा मूल त्याच दाढांवर चावते. खाली पू झाला तर आत तयार होणाऱ्या कायमच्या दाताला धक्का पोचू शकतो, आणि दाढ वेळेआधी गेली तर शेजारचे दात सरकून जागा अडवतात. ‘दुखायचे थांबले’ हे तर सगळ्यांत फसवे. दाताची नस मेली की कळ थांबते. जंतू मात्र मुळापर्यंत उतरत राहतात.

दुसरी गोष्ट एकाही पालकाला ठाऊक नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरी सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. खोल खाचांची, अजून पुरती पक्की न झालेली आणि ब्रश जिथे कधी पोचत नाही अशा कोपऱ्यात. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या तोंडात जपण्यासारखी एकच गोष्ट निवडायची तर ती हीच.

समोरचे पर्याय

पालक-शिक्षक संघाच्या सभेत पहिली सूचना आली ती व्याख्यानाची. डॉक्टर बोलवा, मोठा प्लास्टिकचा जबडा दाखवा, प्रत्येकाला ब्रश-पेस्टची पिशवी द्या, फोटो काढा. स्वस्त आणि एका दिवसात उरकणारे. मुख्याध्यापिकेने विचारले, ‘‘मागच्या वेळच्या पिशव्यांचे काय झाले?’’ पिशव्या होत्या. काहींत आता पेन्सिली होत्या.

आठवड्यातून एकदा, दात किडण्यापासून वाचवणाऱ्या फ्लोराइडच्या पाण्याने चूळ भरायला लावायची, हा दुसरा पर्याय. आरोग्य केंद्रातल्या दातांच्या डॉक्टरांनीच तो बाजूला ठेवला: सहा वर्षांखालच्या मुलांना थुंकणे नीट जमत नाही, ती गिळतात, आणि पहिलीत अशी मुले होती.

तिसरा पर्याय रोज शाळेत ब्रश करण्याचा. फिलिपाइन्समध्ये सरकारी शाळांनी हात धुणे, फ्लोराइड पेस्टने दात घासणे आणि जंताच्या गोळ्या हे तिन्ही एकत्र बांधून चालवले आहे. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून रोज देखरेखीखाली ब्रश करवतात. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. विरोध आला तो दुसऱ्या शिक्षिकेकडून, आणि तो रास्त होता. मतदार याद्या आमच्याकडे, सर्वेक्षणे आमच्याकडे, आहाराच्या नोंदी आमच्याकडे; आता दातही आम्हीच घासायचे का? शिवाय नळ एकच, आणि एप्रिल-मेमध्ये टाकीला पाणी नाही.

चौथा पर्याय भावनेच्या भरात पुढे आला होता: मुख्याध्यापिकेने स्वतःच्या गाडीतून मुलांना दवाखान्यात न्यायचे. तो टाळला हे बरे झाले. भूल द्यायची, दात काढायचा, यासाठी पालकाची संमती लागते. काही बिनसले तर शिक्षिका कुठे उभी राहणार? आणि शिक्षिका नेते म्हटल्यावर पालक पुन्हा कधीच नेणार नाहीत, हेही होतेच.

ठरले ते असे की शाळेने दोनच गोष्टी अंगावर घ्यायच्या. रोजचा ब्रश, आणि चिठ्ठीचा पाठपुरावा. दाताची तपासणी आणि उपचार हे डॉक्टरांचे काम. पण चिठ्ठी आणि डॉक्टरांची खुर्ची यांच्यामध्ये जी दरी होती ती बुजवायला शाळेशिवाय कोणी नव्हते.

काय केले: ब्रश

पाण्याचा प्रश्न डॉक्टरांच्या एका वाक्याने सुटला. ब्रश झाल्यावर चूळ भरायचीच नाही, फक्त थुंकायचे. चूळ भरली की दातांवर बसलेले फ्लोराइड धुऊन जाते. मुलांना आधी किळस वाटली, आठवड्याभरात सवय झाली. माडांच्या आळ्याशेजारी एक चर खणला. थुंकायचे तिथे, आणि तांब्याभर पाणी ओतून पाच-सहा ब्रश धुवायचे.

पेस्टचा हिशेब मुख्याध्यापिकेने फळ्यावरच मांडला. वाटाण्याएवढी पेस्ट म्हणजे साधारण पाव ग्रॅम. तीस मुलांना रोज साडेसात ग्रॅम. दीडशे ग्रॅमची ट्यूब वीस दिवस, म्हणजे शाळेचा जवळजवळ महिना. एवढा खर्च पालक संघाला जड नव्हता. पण पहिली खोकाभर पेस्ट गावातल्या एका हितचिंतकाने दिली ती वनौषधींची, फ्लोराइड नसलेली. परत करणे अवघड. देणारा मोठा माणूस. मुख्याध्यापिकेने त्या ट्यूबा बचत गटाच्या बायकांना घरी वापरायला दिल्या आणि शाळेसाठी ट्यूबवरचा मजकूर वाचून फ्लोराइडची पेस्ट आणली. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग एवढेच, ठेवता येते. मुलांसाठीच्या काही पेस्टींत त्याहून बरेच कमी असते आणि काहींत मुळीच नसते. चित्रातल्या सशावर भाळून पेस्ट घेऊ नये, एवढे सगळ्यांना कळले.

ब्रश ठेवायचे कुठे, यात सगळ्यांत जास्त डोके गेले. एका पालकाने, तो सुतार आहे, फळीला भोके पाडून दिली. ब्रश दांडीने खाली सोडायचा, डोके वर, दोन ब्रशांत चार बोटांचे अंतर. फळी आधी व्हरांड्यात लावली होती. जूनचा पाऊस सुरू झाला, ब्रश सुकेनात, तंतूंच्या बुडाशी काळपट बुरशी धरली. सगळे ब्रश टाकले आणि फळी आतल्या खिडकीपाशी आणली. पालींसाठी वरून मच्छरदाणीचे कापड. मार्करने लिहिलेली नावे पुसली जाऊ लागली तेव्हा दांडीला रंगीत दोरे बांधले, त्यांत दोघी बहिणींनी आपले दोरे ‘हा रंग मला आवडतो’ म्हणून बदलले. शेवटी तापलेल्या सुईने दांडीवर हजेरीचा क्रमांक कोरला. ट्यूब थेट ब्रशला टेकवायची नाही, हाही नियम: ताटलीच्या कडेला पेस्टचे थेंब ओळीने काढायचे, प्रत्येकाने आपला उचलायचा.

वेळ खाण्यानंतरची. चौथीची मुले पहिलीच्या मुलांसमोर उभी राहून घासून दाखवत. मागची दाढ घासली का, हे बघण्याचा मान चौथीतल्या दोघांकडे असे. सुरुवातीला पंधरा मिनिटे जायची, नंतर निम्म्या वेळात आटपू लागले. विरोध करणाऱ्या शिक्षिकेने पुढे एक गोष्ट सुचवली आणि तीच टिकली: ब्रश होईपर्यंत पाढे लावायचे. बाराचा पाढा संपेपर्यंत हात थांबवायचा नाही.

काय केले: चिठ्ठी

पहिल्या सभेत मुलांची नावे मोठ्याने वाचली गेली. दुसऱ्या सभेला त्यातल्या काही आया आल्याच नाहीत. त्यानंतर मुख्याध्यापिकेने वही केली आणि एकेका आईशी एकटीने बोलायला सुरुवात केली. वहीत डॉक्टरांच्या मदतीने मुलांचे तीन गट पाडले होते. दुखते, सुजले आहे किंवा हिरडीवर पुळी आहे ती तातडीची. नव्या कायमच्या दाढेत कीड दिसते ती पुढच्या महिन्याभरातली. बाकी मुलांवर नुसते लक्ष. आधीच्या चिठ्ठीत हा फरक नव्हता; सगळ्यांना एकच छापील वाक्य. पालक त्यावरून काय समजणार?

मग आरोग्य केंद्राशी बोलून एक वार ठरवला. त्या दिवशी सकाळच्या सरकारी कदंब बसने चार-पाच मुले आपापल्या आया किंवा आजोबांबरोबर जायची, आणि दंतविभागात त्यांना एकापाठोपाठ एक घ्यायचे. एकटीने जायला बिचकणाऱ्या आया घोळक्याने गेल्या. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहिले. मुलाला हृदयाचा आजार, फिट, औषधाची ॲलर्जी आहे का, हे त्यात विचारले होते.

काही मुलांसाठी डॉक्टरांनी शाळेतच उपाय सुचवला. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचे औषध किडलेल्या जागेवर थेंबभर लावायचे. यंत्र नाही, सुई नाही, बऱ्याचदा कीड तिथेच थांबते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. अडचण एकच, किडलेला भाग कायमचा काळा पडतो. मुख्याध्यापिकेने आग्रह धरला की फोटो दाखवल्याशिवाय कोणाची सही घ्यायची नाही. मागच्या दाढांसाठी बहुतेक पालक तयार झाले. पुढच्या दातांसाठी एका आईने नकार दिला, मुलगी नाटकात काम करते म्हणून. गोव्यात हे कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

तिसरीतली मुलगी

तिचा गाल चिठ्ठ्यांचे काम सुरू असतानाच सुजला, म्हणून ती पहिल्याच बसला गेली. उजव्या खालच्या दुधाच्या दाढेखाली पू होता. तिच्या लगेच मागच्या कायमच्या दाढेत कीड नुकती शिरली होती.

इथे खरा निर्णय होता. दुधाची दाढ वाचवायची तर नसेचा उपचार करावा लागणार, त्यासाठी पणजीजवळ बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात बालदंत विभागात दोन-तीन खेपा. किंवा दाढ काढायची, आणि शेजारचे दात सरकू नयेत म्हणून जागा राखणारी तार बसवायची, तीही बांबोळीलाच. आईचा प्रश्न साधा होता: ‘‘डॉक्टर, एकाच दिवसात काय होईल ते सांगा.’’ काजूचा हंगाम तोंडावर होता.

सूज उतरल्यावर दाढ काढली, आणि त्याच बैठकीत कायमची दाढ भरून घेतली. तारेसाठी ती गेली नाही. पुस्तकी उत्तर हे नव्हे. पण बांबोळीच्या खेपांचा आग्रह धरला असता तर कदाचित ती माणसे कुठेच गेली नसती आणि कायमची दाढही गेली असती. पडणाऱ्या दाढेची जागा आणि आयुष्यभराची दाढ, यांत दुसरी निवडली गेली. माझ्या मते बरोबर निवडली गेली. डॉक्टरांना तार न बसल्याची खंत आहे, आणि तीही बरोबरच आहे.

पावाच्या कडा ती आता खाते. ‘लक्ष नाही’ हा शेरा पुढच्या प्रगतिपत्रकावर नव्हता, पण त्याचे सगळे श्रेय दाताला देता येणार नाही; त्याच काळात तिला पुढच्या बाकावरही आणले होते.

गाडो, चॉकलेट आणि जे जमले नाही

फाटकासमोर एक गाडो, म्हणजे छोटी टपरी, आहे. आंबटगोड गोळ्या, रंगीत बर्फाच्या कांड्या, चिंचेच्या चिकट पुड्या. शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पंचायतीकडे अर्ज करता आला असता. पण गाडो चालवणारी बाई याच शाळेतल्या एका मुलाची आई. मुख्याध्यापिकेने बोलून पाहिले. भाजलेले शेंगदाणे आणि चणे समोर आले, गोळ्यांची बरणी मागे गेली. काही आठवड्यांनी बरणी पुन्हा पुढे. दाण्यांत सुटत नाही, असे तिचे म्हणणे. हा प्रश्न अजून तसाच आहे, आणि नियम दाखवायचा की शेजार राखायचा यावर पालक संघात दोन तट आहेत.

वाढदिवसाच्या चॉकलेटांऐवजी पेन्सिल किंवा केळी, हे मात्र सहज जमले. गणेश चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) आणि जत्रेच्या खाज्यांना कोणी हात लावला नाही, लावूही नये. सणाला खाल्लेल्या गोडाने दात जात नाहीत. दिवसभर थोडे थोडे चघळल्याने जातात. प्रत्येक गोड घासानंतर तोंडातले आम्ल उतरायला अर्धा तास तरी लागतो, आणि गोळी सुटीपासून शाळा सुटेपर्यंत चघळली तर ते उतरतच नाही. चहा-बिस्किटांनाही हेच लागू. रात्रीचा ब्रश शाळेच्या हातात नाही. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचाच खरा महत्त्वाचा. पण शाळेतला खाण्यानंतरचा ब्रश निदान होतो याची खात्री आहे.

काय झाले

तातडीच्या यादीतली सगळी मुले वर्ष संपेपर्यंत एकदा तरी डॉक्टरांकडे पोचली. दुसऱ्या यादीतली निम्म्याहून अधिक. ब्रश दोन्ही सत्रे चालला. मधे दुसऱ्या शिक्षिकेची बदली झाली, नव्या शिक्षिकेला चौथीच्या मुलांनीच पद्धत शिकवली. पुढच्या तपासणीत पहिलीच्या मुलांच्या नव्या दाढा स्वच्छ दिसल्या असे डॉक्टर म्हणाल्या. तिसेक मुलांच्या शाळेवरून टक्केवारी काढण्यात अर्थ नाही, आणि जुनी कीड ब्रशाने भरूनही येत नाही.

पुन्हा करायचे तर

दाढदुखीमुळे किती दिवस बुडाले, हे आधी कोणी लिहिलेच नव्हते. हजेरीपटात गैरहजेरीची खूण असते, कारण नसते. मुख्याध्यापिका आता पेन्सिलीने ‘दात’ लिहितात. ते जूनपासून, ब्रश सुरू व्हायच्या आधी लिहायला हवे होते.

दवाखान्याचा वार काजूच्या हंगामाबाहेर ठेवायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये आयांना सवड असते, आणि तिसरीतल्या मुलीच्या तारेचा विचार तेव्हा वेगळा झाला असता. दुसऱ्या यादीतली जी मुले राहिली, त्यांत बहुतेकांचे नाव मार्चमध्ये लागले होते.

नव्या दाढांच्या खाचा बुजवण्याचे काम या वर्षी राहून गेले. खाचांत पातळ लेप भरला की अन्न अडकत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी तो सगळ्यांत उपयोगाचा, आणि दाढ पूर्ण वर आल्यावर लवकर करावा लागतो. यंदा तपासणीच्या दिवशीच पहिली-दुसरीसाठी तो मागून घ्यायचा असे ठरले आहे. अंगणवाडीच्या मुलांसाठी सुताराने फळीखाली आणखी एक ओळ पाडून दिली आहे. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, वरच्यांना वाटाण्याएवढी. ताटली अंगणवाडी सेविकेच्या हातात. ब्रशांचे पैसे पालक संघाने द्यायचे की पंचायतीने, हे ऑगस्टच्या सभेत ठरेल.